मॅडम घर पाहायला आल्या

नातीनं शाळेतून फी-सवलतीचा फॉर्म आणला तेव्हा मी अंगणात बसून अंबाडीचा दोर वळत होतो. लाखनीच्या खासगी शाळेत ती पहिलीपासून शिकते. तिला घातलं तेव्हा माझा पोरगा राईस मिलमध्ये मशीनवर होता आणि पगार वेळेवर येत होता. मागच्या वर्षी मिल बंद पडली. पोरगा नागपूरला बांधकामावर जाऊ लागला. नातीनं आठवीची परीक्षा दिली होती, मार्क चांगले पडणार हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. पण नववीची फी आमच्यानं होणार नव्हती. सवलत मिळाली तर ती तिथं राहणार, नाही तर शाळा सुटणार. एवढी सरळ गोष्ट होती.

मी चौथीपर्यंत शिकलो. वाचतो, लिहितो, पण हळू. म्हणून मी सांगायचं आणि तिनं लिहायचं असं ठरलं.

"आबाजी, इथं इचारलं आहे, मदत कायले पाहिजे?"

"लिही, पोरगी हुशार आहे म्हणून."

"तसं नाही ना. घरची अडचण लिहायची आहे."

"आपली अडचण त्यायले काय करायची आहे? हुशार आहे तर शिकवा म्हणा."

सून चुलीपाशी होती. ती तिथूनच बोलली, "मामाजी, मिल बंद झाली ते लिहू द्या. ते का चोरी आहे?"

मिलचं लिहू दिलं. गरीब हा शब्द मात्र लिहू दिला नाही. तलाठ्याकडचा उत्पन्नाचा दाखला जोडला, सही केली, आणि फॉर्म गेला. आठ दिवसांनी नात सांगत आली की शाळेच्या एक मॅडम घर पाहायला येणार आहेत. सवलत मागणाऱ्या सगळ्यांच्या घरी जातात म्हणे.

आमच्या मोहल्ल्याची एक रीत आहे. कोणाच्या घरी पोरगी पाहायला पाहुणे येणार असले की सारा मोहल्ला ते घर सजवतो. एकाच्या खुर्च्या, दुसऱ्याचा कूलर, तिसऱ्याच्या कपबशा. पाहुणे गेले की ज्याचं त्याच्या घरी. आमची मोठी सतरंजी अशी किती घरांत जाऊन आली असेल त्याचा हिशोब नाही. याला इथं कोणी खोटेपणा म्हणत नाही. येणारा माणूस साऱ्या मोहल्ल्याचा पाहुणा, असं आम्ही धरून चालतो.

तेच मी केलं. बाजूचा शेजारी एसटीतून रिटायर झालेला. त्याच्याकडून गादीच्या खुर्च्या आणल्या, कूलर आणला. त्यानं आपल्या मनानं पोराची नवी मोटारसायकलही आणून आमच्या अंगणात लावली.

"राहू दे भाऊ, शोभा येते," तो म्हणाला.

दिवस तेंदूपत्त्याचे होते. सून पहाटे जंगलात जाऊन पानं तोडून आणायची आणि मायलेकी ओसरीत बसून त्याचे पुडके बांधायच्या. ती सारी पानं मी मागच्या वाडीत नेऊन झाकली.

सून म्हणाली, "मामाजी, ते पाहुणी नाही. तपासायले येऊन राहिली."

"तपासू दे ना. म्हणून का चटईवर बसवतेस तिले?"

"चटईवरच तर बसतो आपण."

"तू सुवाऱ्यांचं पीठ मळ," मी म्हणालो.

मॅडम स्कूटीवर आल्या. वयानं लहान होत्या, माझ्या पोराहूनही लहान. कूलरसमोर गादीच्या खुर्चीत बसल्या. सुनेनं गरम तळलेल्या सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, वाढल्या, खीर वाढली. मॅडम "कशाला एवढं" म्हणत राहिल्या आणि खात राहिल्या. मग त्यांनी कागद काढला, इकडंतिकडं पाहिलं आणि लिहू लागल्या. मी मनात म्हटलं, चांगलं लिहून राहिली.

"काका, घरात काही अडचण?"

"अडचण काय मॅडम? सब बरोबर आहे. तुमी फक्त पोरीले शिकवा."

सून दारात उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती ते मला दिसलं, पण मी तिकडं पाहिलं नाही. मॅडम निघाल्या तेव्हा तिनं त्यांची ओटी भरली, आमच्याच शेताच्या बांधीतल्या चिन्नोर तांदळानं. त्या दिवशी घरात तेवढंच एक आमचं होतं.

पुढच्या आठवड्यात शाळेचं पत्र आलं. नातीनं उभ्यानंच वाचलं. घरची परिस्थिती समाधानकारक आढळल्यामुळं अर्ज मंजूर करता येत नाही. नाव चालू ठेवायचं की शाळा सोडल्याचा दाखला न्यायचा, ते महिना संपायच्या आत कळवावं.

"समाधानकारक म्हणजे काय?" मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

"म्हणजे बरी आहे आपली परिस्थिती," नात म्हणाली. पत्राची घडी केली आणि पुस्तकात ठेवली. रडली नाही. संध्याकाळी आईला विचारत होती, बाजूच्या गावच्या शाळेत नववीला सायकलनं जाता येईल का, आणि तिथं प्रयोगाची खोली आहे का.

सुनेनं मला एका शब्दानं टोचलं नाही. टोचलं असतं तर मी भांडलो असतो, मग बरं वाटलं असतं. दोन दिवस मी अंबाडीचा दोर वळत बसलो. शाळेचीच चूक आहे, त्यांना माणसाच्या घरी कसं यावं ते कळत नाही, असं स्वतःला सांगत राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर नेसलो आणि कोणाला न सांगता लाखनीला गेलो.

शाळेला सुट्टी होती, पण ऑफिस उघडं होतं. मोठ्या सरांनी बसा म्हटलं. मी बसलो नाही.

"सर, त्या दिवशी मॅडमनं जे पाह्यलं ते आमचं नव्हतं."

"काय नव्हतं?"

"खुर्च्या नव्हत्या. कूलर नव्हता. गाडी नव्हती."

सरांनी मॅडमना बोलावलं. मला तेच पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा जड गेलं, कारण त्यांनी माझ्या घरी जेवण केलं होतं.

सर म्हणाले, "अहो, लोक सवलतीसाठी घरातलं सामान लपवतात. तुम्ही उलट मागून आणलं?"

"सवलतीसाठी नाही आणलं, सर. मॅडम येऊन राहिल्या होत्या म्हणून आणलं."

मॅडम हसल्या. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "आता तुम्ही म्हणता ते तरी खरं कशावरून?"

याचा राग आला. उठून निघून यावं असं वाटलं. उभाच होतो, पाय उचलायचीच देर होती. पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"आत्ता चाला ना. घरी कोणाले माहीत नाही मी इथं आलो ते."

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी टेबलावरची स्कूटीची चाबी उचलली. जन्मात पहिल्यांदा मी एका बाईच्या मागं गाडीवर बसलो, धोतर सांभाळत. गावाच्या तलावापाशी दोघातिघांनी पाहिलं. पाहू दिलं.

घरी मायलेकी ओसरीत पानांच्या ढिगात बसल्या होत्या. सुनेच्या पोलक्याची बाही मळलेली, हात काळे. मॅडमना पाहून ती उठायला गेली.

"बस बाई, बस. काम करू दे हाताले," मी म्हणालो.

मॅडम पानं सारून चटईवर टेकल्या. नातीनं पाणी आणून दिलं. अंगातून घाम निघत होता आणि घरात पंखाही बंद, कारण लाईन गेली होती. मॅडम ओढणीनं वारा घेऊ लागल्या. तेवढ्यात कुंपणाच्या पलीकडून शेजाऱ्याचं डोकं वर आलं.

"भाऊ! खुर्ची पाठवू का?"

माझ्या तोंडात हो आलंच होतं. इतक्या वर्षांची सवय आहे ती.

"राहू दे," मी म्हणालो.

"अरे, पण मॅडम खाली बसल्या ना बाप्पा!"

"बसू दे."

तो तोंड फिरवून घरात गेला. त्याला वाटलं असेल, माझं त्याच्याशी काही बिनसलं. नंतर त्याची समजूत काढायला मला एक अख्खी दुपार लागली.

मॅडमनी या वेळी विचारलं त्या साऱ्याची मी उत्तरं दिली. पोरगा महिन्यातून किती दिवस कामावर असतो, धान किती होतं, त्यातलं घरी खायला किती राहतं. सुनेला जे जास्त माहीत होतं ते सुनेनं सांगितलं. तिनं इतकं नीट सांगितलं की फॉर्म तिलाच सांगू द्यायला पाहिजे होता असं मला वाटलं. मॅडमनी आधीचा कागद खोडला नाही, नवीन कागदावर लिहिलं.

निघताना म्हणाल्या, "काका, पहिल्याच दिवशी असं का नाही बसवलं मला?"

"तुमी पयल्यांदा आल्या होत्या मॅडम."

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी दुसरं पत्र आलं. फी बरीचशी माफ झाली होती, उरलेली चार वेळा भरायची होती. एका वर्षापुरतं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा कोणी तरी घर पाहायला येणार. नातीनं पत्र दोनदा वाचलं, एकदा माझ्यासाठी आणि एकदा फोनवर तिच्या बापासाठी. तिकडून मशीनचा आवाज येत होता, त्यातून तो काय बोलला ते कळलं नाही, पण पोरगी हसली.

मग माझ्यापाशी येऊन बसली.

"आबाजी, तुमाले लाज नाही वाटली सांगताना?"

"वाटली ना."

"मंग?"

"मंग काय? नववीची पुस्तकं कोनाची आणतेस ते पाह्य आता. वरच्या वर्गातल्या पोरीले इचारलं का?"

तिनं आधीच विचारून ठेवलं होतं. चप्पल घालून ती पुस्तकं आणायला निघाली.