बत्तीवाला स्वयंपाकघरात

ऊन उतरलं की राजाराम गमरे ठाकूरद्वाराच्या नाक्यावरून निघायचा. खांद्यावर लहान शिडी, कमरेला काचा पुसायचं फडकं, हातात लांब काठी. मुगभाट, झावबावाडी, फणसवाडी असं करत तो रस्त्यावरचे गॅसचे दिवे एकेक करून पेटवत जायचा. पहाटे विझवायलाही तोच. हातात घड्याळ नसायचं, पण वाडीतल्या बायका त्याला बघून देवापाशी निरांजन लावायला उठायच्या.

मी तेव्हा गॅस कंपनीच्या लालबागच्या कचेरीत कारकून होतो. कचेरीच्या मागेच कारखाना. तिथे भट्टीत कोळसा तापवून गॅस काढायचे आणि तो जमिनीखालच्या नळांतून शहरभर जायचा. राजाराम परळला, पोयबावडीच्या मागच्या चाळीत राहायचा. मी गिरगावात एका खोलीत दोघांबरोबर राहायचो आणि कालिंदीकाकूंच्या खाणावळीत जेवायचो. म्हणून ही हकिगत मला दोन्हीकडून बघायला मिळाली.

छप्पन्न सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार, अशी घोषणा झाली आणि शहर पेटलं. गिरगावात दगड, अश्रुधूर, गोळीबार, सगळं झालं. जमावाच्या रागातून रस्त्यावरचे दिवेही सुटले नाहीत. संचारबंदी जरा सैल झाल्यावर राजाराम शिडी घेऊन निघाला, फणसवाडीच्या तोंडाशी दिव्यावर चढला, तर खाली एक तरुण दगड उचलून उभा. हा सरकारचा दिवा आहे, बाजूला हो, असं त्याने बजावलं.

राजाराम शिडीवरून उतरला नाही. म्हणाला, "दिवा सरकारचा असंल, पण जिना तुमचा हाय. काळोखात तुमचीच माणसं पडतील."

तरुणाने दगड खाली टाकला. राजाराम वळून पुढच्या वाडीत गेला तेव्हा मागे काच फुटल्याचा आवाज आला. हे त्याने मला न रागावता सांगितलं. तो स्वतः शिवाजी पार्कच्या सभांना जायचा, घोषणा देऊन घसा बसवून यायचा. त्या पोराचा राग त्याला कळत होता. पण दिवा कशाला फोडला, ते मात्र त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

फुटलेले दिवे दुरुस्त करायचे, की ह्या निमित्ताने विजेचे बसवायचे, ह्यावर पालिकेत चर्चा सुरू झाली. निकाल काय लागणार ते आम्हाला कचेरीत दिसत होतं. वीज स्वस्त पडत होती, पेटवायला माणूस लागत नव्हता. एकेक रस्ता कंपनीच्या हातून निसटू लागला आणि बत्तीवाले रोज कचेरीत येऊन आपल्या नोकरीचं काय, ते विचारू लागले.

त्याच सुमारास कंपनीने विक्री नावाचं नवं खातं काढलं आणि धुरंधर नावाच्या साहेबांना त्यावर नेमलं. धुरंधर ठाकूरद्वारचेच, पाठारे प्रभू. बोलणं मोजकं आणि सरळ. पहिल्याच बैठकीत त्यांनी आम्हाला कंपनीची अवस्था चार वाक्यांत सांगितली.

"दर सरकार ठरवणार. कोळशाच्या वाघिणी रेल्वे देईल तेव्हा मिळणार. दिवे पालिका काढून टाकणार. मग आपल्या हातात उरलं काय? लोकांची स्वयंपाकघरं."

आजवर कंपनी ग्राहकाच्या दारी कधी गेली नव्हती. ज्याला गॅस हवा त्याने कचेरीत खेटे घालायचे, अशी रीत. आता आम्हीच घरोघर जाऊन शेगडी दाखवायची, हप्त्याने द्यायची, नळ बसवून द्यायचा, वर्षातून एकदा तपासायला जायचं, असं ठरलं. माणसं बाहेरून घ्यायला पैसा नव्हता. म्हणून बत्तीवाल्यांनाच फिटरचं काम शिकवायला घेतलं.

राजाराम मन लावून शिकला. नळाला आटे पाडणं, सांधा बसवणं, साबणाचा फेस लावून गळती बघणं, हे सगळं त्याने हातात बसवून घेतलं. पण कामं वाटली तेव्हा त्याचे सोबती घरांमध्ये गेले आणि त्याला रस्त्यावर चर खणणाऱ्या टोळीत घातलं. तो धुरंधरांकडे विचारायला आला तेव्हा मी त्यांच्या समोरच बसलो होतो.

धुरंधरांनी त्याला बसायला सांगितलं. आडपडदा न ठेवता ते म्हणाले की आडनाव कळलं की गिरगावात लोक जात ओळखतात. तुला चुलीपर्यंत नेलं तर गिऱ्हाईक परत जाईल. खातं नुकतंच उघडलंय, ते चाललं नाही तर सगळ्यांच्याच नोकऱ्या जातील. मग धुरंधरांनीच एक वाट सुचवली. अंगात कंपनीचा खाकी डगला असतोच. कोणी विचारलं तर गॅस कंपनीचा माणूस एवढंच सांगायचं, पुढे बोलायचं नाही.

आदल्या डिसेंबरात, बाबासाहेब गेले तेव्हा, दादरच्या चौपाटीवर लाखोंच्या गर्दीत राजारामने आणि त्याची बायको मीराबाई हिने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. घरातले देव त्यांनी त्याच आठवड्यात समुद्रात सोडले होते.

"मी हून सांगत नाय सुटणार, साहेब," तो म्हणाला. "पण कोणी इचारलं तर खोटं नाय बोलणार. दीक्षा घेतली ती लपवायला नाय घेतली."

धुरंधरांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, "एक घर करून बघ."

ते एक घर म्हणजे कालिंदीकाकूंची खाणावळ. कोळशाच्या धुराने काकूंचे डोळे सतत चुरचुरायचे, आणि हरताळ पडला की कोळशाची वखार बंद, म्हणजे चूल बंद. म्हणून मी सांगितल्यावर त्या गॅसला चटकन तयार झाल्या होत्या. काकू विधवा. नवरा गेल्यावर त्यांनी ही खाणावळ उभी केली. जेवायला आम्ही सगळे कचेऱ्यांतले एकटे पुरुष, बहुतेक ब्राह्मण.

रविवारी जेवणं उरकल्यावर राजाराम आला. मीही तिथेच थांबलो होतो. त्याने भिंतीवरून नळ फिरवला, ओट्यापर्यंत आणला. काकू दारात बसून तांदूळ निवडत होत्या. काम बघून त्या खूश होत्या. मिस्त्री, मिस्त्री करत काही ना काही विचारत होत्या. गाव कुठलं, असं विचारलं, तर तो म्हणाला खेड तालुक्यातलं. काकूंचं माहेरही तिकडचंच. त्या मोहरल्या. आडनाव विचारलं.

"गमरे," तो म्हणाला. मग हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "आम्ही बौद्ध."

काकूंचे हात सुपात थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ओट्याकडे. ओरडल्या नाहीत. खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझं एकवेळ काही नाही हो. पण पंगतीला बसणारे उठून जातील. ह्याच्यावर माझं पोट आहे."

मला वाटलं तो हत्यारं गोळा करून निघेल. त्याने तसं केलं नाही. "बाई, सांधा अर्धा उघडा हाय," तो म्हणाला. "तसाच टाकून गेलो तर घरात गॅस भरंल. पुरा करतो, पेटवून दाखवतो. मग तुम्हाला नको वाटलं तर कंपनीला कळवा, दुसरा माणूस येऊन काढून नेईल."

त्याने सांधा घट्ट केला, फेस लावून बघितला, काडी ओढली. निळी आच गोल उभी राहिली. धूर नाही, फुंकणं नाही. काकू उठून जवळ आल्या. आच लहान कशी करायची, मोठी कशी करायची, ते त्याने दाखवलं, त्यांनी करून बघितलं. चहा विचारला तो मात्र गॅलरीतल्या जर्मन धातूच्या पेल्यात, जो भांडी घासणाऱ्या बाईसाठी वेगळा ठेवलेला असायचा. राजारामने पेला बघितला आणि आत्ताच चहा झालाय असं सांगून जिना उतरला.

तो गेल्यावर काकूंनी ओट्यावर पाणी मारलं. मी ते बघितलं. काकूंनी कंपनीला काहीच कळवलं नाही आणि मीही तिथे कोणाला बोललो नाही.

पण अशा गोष्टी लपत नाहीत. महिनाभरातच पंगतीत कुजबुज सुरू झाली. आमच्यातले दोघे ताटावर बसण्याआधीच काकूंना जाब विचारायला गेले. योगायोगाने तो हरताळाचा दिवस होता. गिरगावातली दुकानं, वखारी, इतर खाणावळी, सगळं बंद. फक्त काकूंच्या घरात गरम आमटी-भात तयार होता. काकूंनी दोघांचं म्हणणं ऐकून घेतलं. वाढायचा डाव हातात तसाच होता.

"ज्यांना उठायचं त्यांनी उठावं," त्या म्हणाल्या. "शेगडी उठणार नाही."

ते दोघे गेले. बाकीचे बसले. सगळेच काही पटलं म्हणून बसले असं नाही. भूक लागली होती आणि दुसरीकडे काही मिळणार नव्हतं. पण बसले खरे. पुढच्या हरताळात नवे चारपाच जण चौकशी करत आले, आणि हरताळ त्या काळात वरचेवर पडत. धुरंधरांनी ही बातमी माझ्याकडून ऐकली आणि गिरगाव-दादरच्या खाणावळींना सांगायला त्यांना एक नवी गोष्ट मिळाली: बाजार बंद असला तरी नळ बंद नसतो. कामं वाढली आणि राजारामला चर खणण्यातून काढून कायमचं घरांकडे दिलं.

सगळीकडे सुरळीत झालं असं नाही. एका वाडीत त्याला जिन्यावरून परत पाठवलं. एका घरात म्हाताऱ्या सासूबाईंनी त्याला देवघराकडे पाठ करून काम करायला लावलं. दादरच्या एका डॉक्टरीणबाईंनी मात्र नाव विचारलंही नाही आणि जेवणाच्या टेबलावर चहा दिला. हे सगळं तो मला एकाच सुरात सांगायचा. वर्षभराने काकूंकडे शेगडी तपासायला गेला, तेव्हाही त्याच्यामागे ओट्यावर पाणी पडलं. ह्या वेळी त्याने ते जिन्यातून ऐकलं असावं. मला राहवलं नाही. मी विचारलं, तुला राग येत नाही का.

"येतो की," तो म्हणाला. "पण माझ्या बापाला गावात ओटीवरपण चढू दिलं नाय. मी चुलीपाशी जाऊन आलो. पाणी मारतात ते मी निघून गेल्यावर, तोंडावर नाय. आता तेपण बंद व्हायला पायजे, पण त्यासाठी मला परत जायला लागंल ना, भाऊसाहेब?"

तो जात राहिला. कधीतरी ते पाणी मारणं थांबलं. नेमकं कधी, ते मला सांगता येणार नाही. मी मुद्दाम बघत होतो, तरी लक्षात आलं नाही. एका वर्षी काकूंनी त्याला आमच्याच कपबशीत चहा दिला, आणि त्याने घेतला.

साठ साली मुंबईसह महाराष्ट्र झाला. लालबाग-परळला पताका लागल्या, पेढे वाटले गेले. कंपनीत मात्र नवी काळजी होती. टाकीत भरलेला गॅस आता घरपोच मिळू लागला होता. मलबार हिल, शिवाजी पार्कसारख्या ठिकाणचे पैसेवाले ग्राहक तिकडे वळत होते. रस्ता खणायला नको, पालिकेची परवानगी नको. धुरंधर नकाशा पुढ्यात घेऊन दिवसचे दिवस बसत. दूरवर नळ नेणं आता परवडणार नव्हतं. मग त्यांचं बोट कारखान्याच्या अगदी जवळच्या चाळींवर येऊन थांबलं. तिथे मोठा नळ आधीच होता, पण जिने आणि खोल्या कोणी मोजल्याच नव्हत्या. गिरणी कामगार गॅस काय घेणार, असं सगळे धरून चालले होते.

त्यांनी राजारामला बोलावून विचारलं की तुमच्या चाळीत लोक घेतील का. राजारामने खरं ते सांगितलं. सगळे नाही घेणार. घरमालक नळ भिंतीतून घालू देणार नाही, आणि बायकांना स्फोटाची भीती वाटते. त्याच्या स्वतःच्या घरात मीराबाई अजून स्टोव्हवर रांधत होती आणि लोकांच्या घरी गॅस लावत फिरणाऱ्या नवऱ्याला त्यावरून टोमणे मारत होती.

घरमालकाला मनवायला बराच काळ गेला. शेवटी नळ जिन्यापर्यंत आला तेव्हा पहिली काही घरंच तयार होती. मीराबाईची खोली त्यांत होती, आणि त्या दिवशी मीही तिथे होतो. राजारामने तिथेही आधी सगळीकडे फेस लावून बघितलं, मग पेटवायला काडी तिच्या हातात दिली. शेजारच्या बायका गॅलरीत गोळा झाल्या होत्या, पण दोन हात अंतर राखून.

मीराबाईने काडी लावली, तवा ठेवला, पहिली भाकरी टाकली. ती चांगली फुगली. तिने ती तोडून चाखली आणि म्हणाली की चुलीची चव नाही हिला. राजारामने आच थोडी लहान केली. दुसरी भाकरी तिने न विचारता मला वाढली. मी खायला लागलो, तिने तिसरी थापायला घेतली.