दवाखान्याच्या विहिरीवरचा रहाट

साठच्या दशकात बंगळुरात आम्ही शाळेच्या शेवटच्या वर्गात होतो. शनिवारी सुतारकामाचा तास असे. तो घेणारे सर बेळगावकडचे, कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले.

बनशंकरीच्या बाजूला एक धर्मार्थ दवाखाना होता. तिथे पाणी भरणाऱ्या अक्काचे खांदे आखडले होते. हात खांद्याच्या वर जात नसत. पोहरा ओढणे जमेना. मेट्रनने तिच्या जागी दुसरी बाई ठरवली. सरांनी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आणि आम्हा चौघांना रहाट करायला सांगितले.

एका रविवारी आम्ही विहीर मोजली. अक्का त्या दिवशी सुटीवर होती. नकाशा काढला. त्याच्या कोपऱ्यात, कारखान्याच्या पद्धतीप्रमाणे, दोन चौकोन होते : ‘काढले’ आणि ‘तपासले’. पहिल्यात आम्ही सह्या केल्या. दुसऱ्यात सही करायला सर तयार होईनात.

“चूक काय आहे, सर?”

“मला काय विचारता? मी पाणी भरतो काय?”

आम्ही तो त्यांचा हेका समजलो आणि रहाट उभा केला. मुदतीचे दोन दिवस उरले होते. आम्ही चौघांनी तो सहज फिरवला. अक्काने फिरवला तेव्हा दांडा तिच्या कपाळापाशी आला आणि तिथेच थांबला.

“तुमच्या उंचीचा केलाय बघा,” ती म्हणाली. तिच्या घरच्या मराठीत कन्नड मिसळलेले असे. “माझी उंची कोण मोजली?”

कोणीच मोजली नव्हती. खांब कापावेत तर पोहरा कठड्याला अडकणार होता. करवत हातात घेऊन आम्ही उभे राहिलो.

“तिलाच विचारा,” सर म्हणाले.

अक्काने रहाटाभोवती एक फेरी मारली. “ह्याला कशाला कापता? मला स्वल्प वर चढवा की.”

आवारात बांधकामातून उरलेल्या दगडी फरश्या पडल्या होत्या. त्यांची पायरी रचायला तासही लागला नाही. अक्का वर उभी राहिली. दांडा आता पूर्ण फेरीत तिच्या खांद्याखालीच राहिला. पहिला पोहरा वर आला. मग दुसरा. दवाखाना उघडण्यापूर्वी हौद भरला होता.

मेट्रनने हौदात डोकावून पाहिले. “त्या दुसऱ्या बाईला येऊ नको म्हणून कळवा,” ती कारकुनाला म्हणाली.

सरांनी कठड्यावर नकाशा पसरला, आमच्याकडून त्यात पायरी काढून घेतली आणि पेन अक्कापुढे धरले. ‘तपासले’च्या चौकोनात तिने कन्नड अक्षरांत सावकाश सही केली. शेवटची दोन अक्षरे चौकोनाबाहेर गेली.

“सरी, बरोबर आहे,” ती म्हणाली. “आता मोडला तर मला धरा.”