राखणीचा शब्द

अक्का, ताडकळसच्या स्टँडवर मी एस.टी.त चढले तेव्हा माझी प्रज्ञा तुझ्या कडेवर झोपली होती. तिचा बाप जाऊन वर्षही झालं नव्हतं. आई खिडकीशी येऊन म्हणाली, "तुमच्या आज्यानं धर्म बदलला, बौद्ध झाला, तो स्वतःच्या मर्जीनं. दुसऱ्याच्या घरात कुणाला तुझा बदलू देऊ नको."

ठाण्यात ज्या म्हाताऱ्या बाईंना सांभाळायचं काम मिळालं त्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी. शाळेत शिकवायच्या, आता एकट्या. मी त्यांना मावशी म्हणते. वागणं इतकं चांगलं की मला त्याचीच शंका यायची. शुक्रवारी दिवे लागले की त्या फोनवरून परदेशातल्या नातवाला हिब्रूत आशीर्वाद देत. एका शुक्रवारी त्यांनी माझ्याही डोक्यावर हात ठेवला आणि तेच पुटपुटल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन पदरानं डोकं पुसलं.

त्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, मुलीला इथं आण, शाळेत घालू. आधी हात, मग मुलगी. मला ते बरं वाटेना.

त्या पुटपुटण्यातला एकच शब्द मला धरता आला होता, 'यिश्मेरेखा'. मी अर्थ विचारला. "देव तुला राखो," मावशी म्हणाल्या. त्यांच्या प्रार्थनेच्या जागी झाडलोट करणाऱ्या काकांना गुपचूप विचारलं, तर ते म्हणाले, 'सांभाळो'. कपाटातलं त्यांच्या प्रार्थनेचं मराठी पुस्तक चौथीच्या बळावर अक्षर अक्षर लावून वाचलं. तिथं 'रक्षण'. तीन ठिकाणी तीन शब्द. मला वाटलं, खरं असतं तर एकच असतं.

चार दिवस धीर गोळा करून मावशींना हे सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मूळ क्रियापद एकच, शामर. मराठीत आणताना ज्याला जे जवळचं वाटलं ते त्यानं घेतलं. मग त्यांनी विचारलं, ज्वारीत दाणा भरायला लागला की तुम्ही काय करता?

तुला आठवतं ना, आपण दोघी मालकाच्या शेतात राखणीला मचाणावर गोफण घेऊन बसायचो. दिवसभर पाखरं हाकून खाली उतरलो की मालक आपलीच तोंडं हुंगायचा, हुरडा खाल्ला का म्हणून. माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, राखणारा पिकाचा ऱ्हातो का मालकाचा?"

मावशी म्हणाल्या, "आमच्या धर्मग्रंथात भावाला शेतात मारून आलेल्याला देवानं विचारलं, भाऊ कुठंय? तो म्हणाला, मी काय त्याचा राखणदार आहे? तिथंही हाच शब्द आहे, कमल. तो चांगल्याच्याच तोंडी असतो असं नाही. तू तपासतेस ते बरोबर करतेस."

मला फसवायचं असतं तर त्यांनी खुन्याची गोष्ट कशाला सांगितली असती? तेवढ्यावर मी प्रज्ञाला घेऊन आले. परवा फोनवर तू म्हणालीस, "पोरीला तिकडं काय करायलेत गं?" मला राग आला नाही. मीही रोज तेच बघते.

आता दर शुक्रवारी मावशी प्रज्ञाला आधी विचारतात, हात ठेवू का? ती कधी हो म्हणते, कधी गृहपाठ सोडून उठतच नाही. मी दारात उभी राहून त्यांच्या हाताकडं बघत असते. त्यांना ते ठाऊक आहे. हात ठेवताना त्या जरा बाजूला सरकतात, मला नीट दिसावं म्हणून.

ताडकळस आपलं गाव आहे आणि राहील. पण मी अशी बघत उभी राहिले तरी जिथं कुणाला राग येत नाही, त्या जागेला मी आता घर म्हणते.