दुधी डिझेलचे चार महिने

उखर्डूनानांचं डिझेलमधल्या पाण्याशी वैर होतं आणि त्याला कारण त्यांचं लग्न होतं. धुळ्याजवळ लळिंगच्या घाटात नवरदेवाची गाडी बंद पडली. टाकीत डिझेलबरोबर पाणी आलेलं. मागून कांद्यानं भरलेला एक ट्रॅक्टर आला, त्यावर बसून नाना मांडवात पोचले तेव्हा मुहूर्त टळून गेला होता, वऱ्हाडी जेवून पान खात होते आणि नवरी झुंबरबाई रागानं लाल झाली होती. लग्न लागलं, पण सासरे मरेपर्यंत जावयाची ओळख ‘कांद्यासोबत आलेले पाहुणे’ अशीच करून देत राहिले.

मी जळगावला एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये वजनकाट्यावर बसतो. नाना तिथे ट्रक चालवतात. मिल ते रेल्वेचा मालधक्का, मालधक्का ते मिल, दिवसातून चार फेऱ्या, सगळ्या शहरातून. गाडी सुरू करण्याआधी रोज सकाळी ते फिल्टरच्या तळाची चावी सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढत आणि बाटली उन्हात धरून पाहत. पाण्याचा एक थेंब जरी खाली बसलेला दिसला तरी त्या पंपावर पुन्हा जाणं बंद. पावसाळ्यात टाकीचं झाकण उघडायचं तर आधी छत्री उघडत. पंपावरची पोरं त्यांना लांबून ओळखत आणि बाकी उभ्या असलेल्या गाड्या आधी भरून मोकळ्या करत, कारण नाना आले की तपासणीत पाऊण तास जायचा.

अशा माणसाच्या गाडीत पाणी घालायचं ठरलं.

झालं असं, की एका इंधन कंपनीच्या नूतन मॅडम मिलमध्ये आल्या. तिशीच्या, बारीक चणीच्या, पायात कामगारांचे बूट. शहरात थांबत थांबत चालणाऱ्या ट्रकवर त्यांना पाणीमिश्रित डिझेलची चाचणी घ्यायची होती. शंभर लिटरात दहा लिटर पाणी. त्यानं काळा धूर कमी होतो, म्हणाल्या. आमचे मालक रुपचंद शेठ धुराच्या तक्रारींना कंटाळले होते, त्यांनी लगेच होकार दिला. मॅडमनी सगळ्या गाड्या तपासल्या आणि सगळ्यांत नीट ठेवलेली म्हणून नानांची गाडी निवडली.

ड्रम उघडला तर आत दुधासारखं पांढरं काहीतरी. नानांनी त्यात बोट बुडवलं, वास घेतला आणि ड्रमचं झाकण स्वतःच्या हातानं परत लावलं.

“मॅडम, मनी बठ्ठी जिंदगी डिझेलमाईन पाणी काढामा गयी. आते तुम्ही माले पाणी टाकाले सांगतस?”

मॅडम शांतपणे म्हणाल्या, हे पाणी तसं नाही. नाना म्हणाले, पाणी एकाच तऱ्हेचं असतं. शेवटी शेठनी लेटरहेडवर लिहून दिलं, की गाडी बंद पडल्यास उखर्डू जबाबदार राहणार नाही. नानांनी तो कागद लॅमिनेट करून आणला आणि आरशाला लिंबू-मिरचीच्या शेजारी टांगला.

पहिल्या दिवशी ते गाडी घेऊन निघाले ते बंद पडण्याच्या पूर्ण तयारीनं. दोरखंड, दोन वेळच्या भाकऱ्या, ठेचा, पाण्याचा कॅन आणि बसायला घडीची खुर्ची. संध्याकाळी चौथी फेरी करून परतले तेव्हा काट्यावर उभं राहून मला म्हणाले की गाडी बंद पडली नाही. आवाजात जराशी निराशाच होती.

पुलाच्या चढावर भरलेली गाडी थोडी जड वाटते, एक गिअर आधी उतरवावा लागतो, एवढीच तक्रार. धूर मात्र खरंच गेला. त्याचा नानांना त्रासच झाला. पूर्वी आकाशवाणी चौकात ही गाडी आली की धुराला वैतागून हवालदार तिला आधी सोडून द्यायचा. आता तो पुरता सिग्नल उभं करायला लागला. ज्या मोटारसायकली तीन हात लांब राहायच्या त्या मागे चिकटून उभ्या राहू लागल्या, आणि एक बाई तर गाडीला टेकून फोनवर बोलताना नानांनी आरशात पाहिली.

त्यांना खरी बेचैनी होती ती सकाळच्या बाटलीची. शंभरात दहा लिटर पाणी घातलंय हे ठाऊक असून बाटलीत ते वेगळं दिसेना. नुसतं पांढरंच. मॅडमनी समजावलं, की पाण्याचे अगदी बारीक कण डिझेलमध्ये असतात, एक औषध त्यांना धरून ठेवतं. इंजिनच्या उष्णतेनं कणांची वाफ होते, ती डिझेल फोडून बारीक करते आणि मग ते नीट जळतं. नानांनी मान हलवली आणि घरी जाऊन झुंबरबाईंना सांगितलं, की बाई शिकलेली आहे पण पाणी कुठं गेलं ते तिलाही ठाऊक नाही.

झुंबरबाई तेव्हा शेवभाजीची कढई घासत होत्या. त्यांनी कढईत पाणी ओतलं. तर्री वर तरंगली. मग साबणाची घासणी फिरवली. सगळं मिळून गढूळ पांढरं झालं.

“साबण मझार पडना, का दोन्ही एक,” त्या म्हणाल्या. “यामा काय समजाले कठीण शे?”

नाना बराच वेळ त्या कढईपाशी उकिडवे बसून होते, असं त्यांनीच मला सांगितलं. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचा प्रचार सुरू झाला. मालधक्क्यावर, चहाच्या टपरीवर, काट्यावर, भेटेल त्याला तेल, पाणी आणि साबण. तीस वर्षांचा शत्रू मित्र झाला की माणूस असाच बोलत सुटतो.

ऐकणाऱ्यांत भिकन होता, मिलच्या दुसऱ्या ट्रकचा ड्रायव्हर. मुळात होतकरू. त्यानं विचार केला, आपल्या गाडीला मॅडम औषध देत नाहीत, पण साबण तर घरात आहे. त्यानं बादलीभर नळाच्या पाण्यात कपडे धुण्याची पावडर कालवली आणि टाकीत ओतली.

गाडी इच्छादेवी चौकापर्यंत गेली. तिथे ती तीनदा शिंकली आणि आडवी उभी राहिली. टाकीच्या झाकणाखालून फेस येत होता. अर्ध्या तासात चारही बाजूंनी रिक्षा तुंबल्या. लोक खाली उतरून फेसाचे फोटो काढत होते. भिकननं हवालदाराला प्रामाणिकपणे सांगितलं, की हे सगळं उखर्डूनानांनी सांगितलेल्या पद्धतीनं केलं आहे.

नानांना फोन गेला. ते बाटली घेऊन पोचले, भिकनच्या फिल्टरची चावी सैल केली आणि बाटली उन्हात धरली. खाली चार बोटं पाणी. नाना भिकनला रागावतील असं सगळ्यांना वाटत होतं, तो स्वतः मान खाली घालून तयार उभा होता. नानांनी त्याला फक्त चहा प्यायला पाठवलं.

पुढचे दोन दिवस सुट्टी टाकून ते मेकॅनिकबरोबर त्या ट्रकखाली पडून होते. टाकी उतरवली, धुतली, नळ्या फुंकल्या. इंजेक्टर तरीही गेलेच. शेठ म्हणाले, उखर्डू, तुझी गाडी नाही ही. नाना म्हणाले, पाणी माझं आहे.

मग त्यांनी मॅडमना गाठून सगळं पहिल्यापासून विचारून घेतलं. औषध कोणतं, किती, कुठल्या यंत्रानं घुसळतात, गाडी आठ दिवस उभी राहिली तर पाणी खाली बसतं की नाही. बसू शकतं, म्हणजे सकाळची बाटली अजून कामाची आहे, असं कळल्यावर त्यांना फार बरं वाटलं. रविवारी मिलच्या आवारात त्यांनी सगळ्या ड्रायव्हरांना जमवलं आणि हे घरी करायचं काम नाही, असं वीस मिनिटं सांगितलं. साबणाचं नावही घेतलं नाही.

चार महिन्यांनी चाचणी संपली, ड्रम परत गेले. पांढरं डिझेल पंपावर कधी येईल ते मॅडमनाही सांगता आलं नाही. जाताना त्यांनी एक फॉर्म दिला. शेवटी ‘चालकाचा अभिप्राय’ म्हणून दोन ओळींची जागा होती. नानांचा लिहिण्याला हात नाही, म्हणून ते माझ्याकडे आले. काट्यावर रांग लागलेली असताना त्यांनी अर्धा तास मजकूर सांगितला. मी त्यातून काढून लिहिलं, की गाडी चांगली चालली, धूर कमी झाला, चढावर ताकद थोडी कमी वाटली.

“भिकनबद्दल लिखं का?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाना, त्याचा या फॉर्मशी काय संबंध?

ते हटेनात. मागे तीन ट्रक हॉर्न वाजवत होते. शेवटी मी समासात बारीक अक्षरात लिहिलं, ‘दुसरी गाडी बंद पडली त्यात भिकनची चूक नाही, अर्धवट सांगणाऱ्याची आहे.’ नानांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, खाली सही केली आणि ट्रक काट्यावरून पुढे घेतला.