ती मशीनमध्येच येते

उंब्रजच्या फाट्यावर पुण्याची एसटी उभी होती आणि मी खिडकीशी बसलो होतो. पुण्यात कारखान्यात नोकरी लागली होती. खाली वडील उभे. ते एवढंच म्हणाले, "नोकरी धर. बेंजो वाजवून पोट भरत न्हाई." त्यांच्या शेजारी शौकत. आमच्या बेंजो पार्टीत मी बेंजो वाजवायचो, तो ढोलकी. ढोलकी आणली नव्हती म्हणून तो एसटीच्या पत्र्यावरच वाजवायला लागला. गाडीतली माणसं हसत होती, बायका वाकून बघत होत्या. तो तोड्यावर येणार, म्हणजे गाणं मिटवायच्या शेवटच्या बोलांवर, तेवढ्यात कंडक्टरनं दोनदा घंटी मारली आणि गाडी हलली. शौकत हात वर धरून तसाच उभा राहिला.

आमच्या पार्टीत एक नियम होता. तोडा घेतल्याशिवाय कुणी उठायचं नाही. नवरदेव घोड्यावरून उतरून मांडवात गेला असला, ऐकायला एक माणूस उरला नसला तरी ढोलकीचा तोडा व्हायचा, शेवटची थाप सगळ्यांची एकत्र पडायची आणि मग वाद्यं खाली. शौकत म्हणायचा, "गाणं थांबवायला कुनीबी थांबवतंय. संपवायला वाजवनारा लागतोय."

पुण्यात माझी नोकरी झाली, संसार झाला, बायको गेली. निवृत्तीनंतर मुलीकडे मेलबर्नला आलो तो इथलाच झालो. इथं सकाळी वॉकला जातो, बुधवारी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवतो, सिनियर्स क्लबात कॉफी पितो. शौकत कामापायी तासगावला गेला. तिथं बेदाण्याच्या शेडवर माल निवडायचा आणि लग्नसराईत पार्टी चालवायचा.

जावयानं एका वाढदिवसाला मला ते मशीन दिलं. रबराची सोळा चौकोनी बटणं, त्यांना पॅड म्हणतात. प्रत्येक पॅडवर एक आवाज ठेवायचा. बोटांनी वाजवून चार-आठ आवर्तनांचा तुकडा करायचा, तो पॅटर्न. मग बेदाण्याच्या शेडवर जाळीवर जाळी चढवतात तसे पॅटर्न लावत जायचे: सुरुवातीला नुसती ढोलकी, मुखड्याला बेंजो, अंतऱ्याला घुमारा, म्हणजे डाव्या हाताचा जाड आवाज, कमी, पुन्हा मुखडा. असं अख्खं गाणं उभं राहतं. थरथरत्या हातांना हे लय बरं होतं. बोट मागंपुढं पडलं तरी एक बटण दाबलं की मशीन ते जागेवर आणून ठेवतं.

मशीनमधल्या तयार आवाजांत आपली ढोलकी नव्हती. म्हणून आठ वर्षांपूर्वी सुट्टीत तासगावला गेलो. शौकतच्या खोलीला गोधड्या लावल्या, त्याच्यासमोर रेकॉर्डर ठेवला आणि सांगितलं, वाजव. पन्नास वर्षांचा हात होता तो. आधी सुटे बोल घेतले, मग चाल धरायला लावली. मला हवी तेवढी आवर्तनं झाल्यावर मी हात वर केला. "बास. एवढं पुरं."

त्याचे हात ढोलकीच्या वरच राहिले. "आरं, तोडा व्हायचाय की अजून."

मी म्हणालो, "तोडा मशीन करतं."

त्यानं ढोलकी मांडीवरून काढली, भिंतीला लावली आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं. त्या आवाजांचं मी काय करणार आहे, हे त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

पुढच्या दोन वर्षांत मी अकरा गाणी केली. इंटरनेटवर टाकली, खाली लिहिलं: संगीत आणि वाद्यरचना, दत्तात्रय. इथल्या मराठी मंडळींनी गणपतीत माझा सत्कार केला. साताऱ्याची ढोलकी मेलबर्नमध्ये, असं निवेदक म्हणाले. कार्यक्रमानंतर एका बाईंनी विचारलं, "काका, ढोलकी कोणी वाजवलीय हो? काय हात आहे."

मी म्हणालो, "ती मशीनमध्येच येते."

हे वाक्य माझ्या तोंडातून कसं आलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. शौकतचं नाव घेतलं असतं तर बाईंचा पुढचा प्रश्न, मग तुम्ही काय केलंत, असा आला असता. ती भीती होती. माझ्या खांद्यावर सत्काराची शाल होती आणि मला ती काढायची नव्हती.

ती गाणी तिकडे डीजेवाल्यांनी उचलली. स्पीकरच्या दोन पेट्या आणि एक टेम्पो आला की सात माणसांची पार्टी कशाला हवी? शौकतच्या पार्टीला सुपाऱ्या यायच्या बंद झाल्या. एक दिवस त्याचा फोन आला. "दत्त्या, काल उंब्रजला वरातीत मी वाजत हुतो बग. आन मी तर रस्त्याच्या कडंला उभा हुतो." मी हसलो. इकडे थंडी फार आहे म्हणालो. तोही हसला आणि म्हणाला, "आसू दे. स्वेटर घाल."

त्यानंतर त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा पडला. त्या वर्षी मी एका लग्नासाठी पुण्यात आठवडाभर होतो. तासगावला गेलो नाही. मुलीला सांगितलं, प्रवास झेपत नाही.

यंदा गेलो. पिशवीत मशीन घेऊन गेलो. शौकत दारातल्या खुर्चीवर बसला होता, डावा हात मांडीवर ठेवलेला. गावाकडचे दोन प्रश्न त्यानं लगोलग विचारले. "कवा आलास? कवा जानार?" भाभींनी चहा दिला. चहा निवेपर्यंत मी सगळं सांगितलं. ती बाई, ती शाल, ते वाक्य.

त्यानं बशी खाली ठेवली. "मशीनमधी येती म्हनलास?"

"व्हय."

"मग मी भाईर कसा पडायचा रं आता?"

भाभी आतून म्हणाल्या, "दत्ताभाऊ, वरातीचं गानं लागलं की ह्ये उठून दार लावून घ्यायचे. मला वाटायचं, आवाजाचा तरास हुतोय." आणि त्या भांडी विसळायला लागल्या.

शौकतनं पिशवीतल्या मशीनकडे बोट केलं. "आन हिकडं. बघू तरी कुठं कोंडलंयस."

त्यानं उजव्या हातानं पॅड दाबले. स्वतःचाच आठ वर्षांपूर्वीचा हात खोलीत वाजला. तो एकेक बोल शोधत गेला आणि चाल धरली. थोड्या वेळानं थांबला. "मी वाजवतोय तसं ह्ये वाजत न्हाई. मला सुदारतंय व्हय रं ह्ये?" मी ते बोल जागेवर आणणारं बटण बंद केलं. "तुझी गानी ऐकली म्या. समदी. एक बी संपत न्हाई. नुसती थांबत्यात."

मी विचारलं, "तोडा देतोस?"

"एका हातानं कसा देऊ? घुमारा डाव्याचा आसतोय." मग खुर्ची थोडी पुढं सरकवून म्हणाला, "डावा तू हो."

मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो. एका पॅडवर घुमारा होता, तेवढाच मला सांभाळायचा होता. दोनदा चुकलो, त्यानं आईवरून शिवी दिली. तिसऱ्यांदा तो सरळ तोड्यावर आला. शेवटची थाप दोघांची एकत्र पडायला हवी होती. त्याची पडली. मग माझी.

"उशीर केलास," तो म्हणाला.

माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि मीही माफी मागितली नाही. गाण्यांवर नाव घालू का म्हटलं, तर म्हणाला, "घाल न्हाईतर ऱ्हाऊ दे. पार्टी काय आता परत व्हनार न्हाई. पन कुनी इचारलं तर खरं सांग."

कुणी विचारण्याची वाट न बघता सांगतो. तिकडच्यांना आणि माझ्यासारखं इकडे आलेल्यांनाही. माझ्या नावावरच्या अकराही गाण्यांतली ढोलकी तासगावच्या शौकत बाबालालची आहे. मी ती मांडली. मशीनमध्ये ती येत नाही.

बाराव्या गाण्याच्या शेवटी त्या दिवशी मशीननं टिपलेला तो तोडा लावला आहे. माझी थाप मागं पडलेली स्वच्छ ऐकू येते. एक बटण दाबलं तर जागेवर येईल. दाबलं नाही. त्या गाण्यात तेवढंच माझं वाजवणं आहे.

परवा इथं ते ऐकवलं. सगळे म्हणाले, सुपर्ब, काका. उशिराची थाप कुणाच्याच कानाला लागली नाही. पूर्वी कुणी घर कुठलं विचारलं की मी उंब्रज सांगायचो, आणि मनात तो फाटा यायचा. आता तासगावची ती खोली येते, जिथं मला उशीर झाला हे ऐकू येणारा माणूस बसला आहे.