जाईची पाच माणसं
नांदगाव खंडेश्वरच्या देवमन गवंड्यानं आयुष्यात शेकडो भिंती उभ्या केल्या, एकही वाकडी नाही. पण पोटच्या लेकीच्या बाबतीत हा शहाणा असा चुकला, की दुरुस्तीला जागाच उरली नाही.

छप्पन साली त्यानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि परतल्यावर घरातले सगळे देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले. बायको भागीरथा काठावर मुकाट उभी होती. तेव्हापासून त्याच्या मनात शंका बसली, ही लपूनछपून पुजत तर नसेल?

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी तो कामावरून लवकर आला. बघतो तर परसात निंबाखाली पाच गोटे ओळीनं मांडलेले, लालभडक, अंगावर चिंध्या, पुढ्यात पानावर भात. झालं! डोकंच फिरलं.

"घरात पुन्हा देव घुसवले? लाज नाई वाटत?" असं ओरडत त्यानं पाचही गोटे विहिरीत फेकले.

भागीरथा धावत आली. "अवो, देव कायचे! जाईचा खेळ होता तो. तिची माणसं होती ती. तुमच्याच विटेची भुकटी लावली तिनं."

विटेची भुकटी ओळखता आली नाही, अन् म्हणे गवंडी!

सात वर्षांची जाई दाराशी उभी होती. महिनाभर ती त्या पाचांची लग्नं लावत होती, भांडणं सोडवत होती, दिवसभर त्यांच्याशी बडबडत होती. ती रडली नाही. "चुकलं माझं, माय," एवढं देवमननं तिला म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण बापाचा ताठा ना! "खेळ कायले पाह्यजे? शिकायचे दिवस हायेत. पाटी घे," म्हणाला.

जाईनं पाटी घेतली, ती घेतलीच. शेजारच्या पोरी बोलवायच्या, ही नुसती बघत बसायची. दरसाल पहिला नंबर. देवमन वस्तीभर गूळ वाटायचा. घरात मात्र लेक विचारलं तेवढंच बोलायची, आणि ते त्याला आत कुठंतरी सलत राहायचं.

अडुसष्ट साली जाई अकोल्याला एका बालवाडीत बाई झाली. देवमन कौतुकानं बघायला गेला. मधल्या सुट्टीत शकीला नावाची चिमुरडी ओंजळ सांभाळत जाईजवळ आली. "बाई, चाय पिओ. गरम है."

जाईनं वाकून ओंजळीत पाहिलं. "कुठं हाये चहा? हात तर रिकामे हायेत तुझे." रागानं नव्हे, खरंच बघून म्हणाली. पोरीचे हात खाली आले.

देवमन पटकन पुढं झाला. त्यानं तो चहा घेतला, फुंकर घातली, भुरका मारला. "साखर कमी पडली व माय!" शकीला खिदळत साखर आणायला पळाली.

जाई बघतच राहिली. मग जवळ येऊन, शिकाऊ माणूस मिस्त्रीला विचारतो तसं हळूच म्हणाली, "बाबा, हे पोरं रोजच असं करतात. अशा वक्ती काय बोलाचं असते? मले सांगा न."

देवमनची मान खाली गेली. शकीला साखर घेऊन येऊन उभी राहिली, तरी त्याला मान वर करता आली नाही.