मत नागपूरला, वाद झूटरमेरला

नागपूरच्या विमानतळावर आई रडत होती आणि बाबा सूचना देत होते. वस्तीत आयुष्यभर पत्रकं वाटलेला माणूस, निरोपही पत्रकासारखाच. "तिकडे मान खाली घालून अभ्यास कर. पण मान खालीच ठेवायची सवय लावून घेऊ नको."

इकडे हॉलंडला उतरल्यावर न्यायला आले अविनाशदादा. उइटहॉर्नला राहणारे, आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन. झूटरमेर गावातली माझी खोली त्यांनीच शोधली, माझी सायकलही त्यांचीच जुनी. मग लॉकडाउन लागला. विद्यापीठ बंद. दिवसभरात मराठी भेटायची ती त्या ग्रुपवरच.

त्याच आठवड्यात अमेरिकेत अध्यक्षपदाच्या, एकाच पक्षातल्या दोन इच्छुकांचा टीव्हीवर वाद झाला. प्रेक्षक नाहीत, दोघे लांब लांब उभे, हात मिळवायच्या ऐवजी कोपराला कोपर. सकाळी चहासोबत रेकॉर्डिंग पाहिलं आणि डोकं फिरलं. माणसांना श्वास मिळेना आणि हे एकमेकांची जुनी मतं उकरत बसलेत! तसंच लिहून ग्रुपवर टाकलं.

दादांचं उत्तर लगेच: "अगं बाई, निवडणूक अमेरिकेची, तू हॉलंडला, मत नागपूरला. तुझा संबंध काय? इथे सणवार, भाड्याच्या खोल्या आणि बासमतीची ऑफर, एवढंच. पोस्ट काढ, नाहीतर तुला काढावं लागेल."

इथल्या दारांवर 'पत्रकं नकोत' असं स्टिकर असतं. दाराला ठीक आहे. तोंडाला मी लावून घेणार नाही. आजारी पडणाऱ्या प्रत्येकाचा संबंध आहे! पोस्ट ठेवली. दादांनी मला काढलं.

दोन दिवस फोन गप्प. घाबरले होते, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या दिवशी दादांच्या बायकोचा, वहिनींचा फोन: "त्या वादाच्या रेकॉर्डिंगची लिंक पाठव गं, मलाही बघू दे." रविवारी व्हिडिओ कॉलवर मी, वहिनी आणि ग्रुपमधल्या आणखी दोघी-तिघी त्या वादावरून तावातावाने भांडत होतो, तोच वहिनींच्या मागून आवाज आला, "साफ चूक! तो दुसरा काय म्हणाला ते नीट ऐका आधी!" दादा. खुर्ची ओढून बसलेसुद्धा.

आईबाबा, फोनवर विचारता ना, तिकडे घरासारखं वाटतं का? आधी वाटायचं, आपल्याला सांभाळून घेतात ते घर. आता म्हणते, जिथे मान वर करून भांडता येतं आणि समोरचा उठून जात नाही, ते घर. ग्रुपवर परत घ्या असं मी म्हणणार नाही. पुढच्या रविवारच्या कॉलची लिंक दादांनी स्वतःहून मागितली, पाठवली. पोस्ट अजून ग्रुपवरच आहे.